टू-बीत दिसत नाही

आमच्या सेल्सटॅक्सवाल्या काकांच्या महिन्यात तारखा तीनच: अकरा, चौदा आणि वीस. बाकीचे दिवस नुसते मधे पडलेले. अकराला आर-वन, चौदाला टू-बी, विसाला थ्री-बी. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला गुरुजी आले तेव्हा काकांनी सांगून टाकलं, "गुरुबळ, चंद्रबळ तुम्ही बघा. मला फक्त वीस तारीख उलटलेली पाहिजे." गुरुजींनी बावीस एप्रिल काढली. काकांनी चष्मा वर केला. "तिमाहीवाल्यांची बावीस असते हो!" शेवटी लग्न पंचवीसला लागलं. आहेर करायला आलेल्या दोघातिघांनी पाकिटाबरोबर नोटीसही आणली होती. काकांनी अक्षता टाकल्या आणि मांडवामागच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून ती वाचून काढली.

ज्यांना या तारखांचं सुख ठाऊक नाही त्यांच्यासाठी काकांच्याच शब्दांत: "आपण काय विकलं म्हणतो ते आर-वन. दुसरे आपल्याला काय विकलं म्हणतात ते टू-बी. आणि सरकारचं किती देणं लागतो म्हणतो ते थ्री-बी. तिघांची तोंडं एकीकडं असली की झोप लागते." अशी झोप लागणारा व्यापारी त्यांना अजून भेटायचाय.

काकांचं ऑफिस सांगलीच्या गणपती पेठेत, एका जुन्या इमारतीच्या माडीवर. जिना चढताना हळदीचा वास आणि मिरचीचा खकाणा सोबत येतो, त्यामुळे काकांकडे येणारा माणूस शिंकतच दारात उभा राहतो. दारावर पाटी आहे, ‘विक्रीकर सल्लागार’. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा १ एप्रिल २००५ ला गेला, त्याच्या जागी व्हॅट आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पाटी तीच. "सरकारला कायदा बदलायला फुकट असतं, पेंटर पैसे घेतो." काका बी. कॉम. आहेत, काळा कोट त्यांनी आयुष्यात अंगाला लावलेला नाही, तरी पेठ त्यांना वकीलसाहेब म्हणते. तरणी पोरं काका म्हणतात. मीही तेच म्हणतो. माझा छापखाना त्याच इमारतीत तळाला आहे. बिलबुकं मी छापतो आणि व्यापारी त्यांत जे लिहून ठेवतात ते काका निस्तरतात.

जीएसटी आला त्या मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमधला समारंभ काकांनी जागून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी चहाला खाली आले ते डोळे लाल करून. "रात्री बाराला सुरू झालेलं एकच काम चांगलं निघालं, ते सत्तेचाळीस सालचं." पुढं आर-टू आणि आर-थ्री ही पत्रकं काही महिन्यांतच बाजूला पडली आणि तात्पुरतं म्हणून आणलेलं थ्री-बी आजपर्यंत राहिलं. काकांनी हे पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "तात्पुरतं म्हटलंय ना? मग त्याला कायमची फाईल करा," असं त्यांनी ऑफिसातल्या ऑपरेटर ताईला सांगितल्याचं मी स्वतः ऐकलंय.

चौदा तारखेचा सोहळा बघण्यासारखा असतो. टू-बी पडद्यावर वाचायची, एक्सेलमध्ये जुळवायची, हे ताईचं काम. ताई हुशार आहे. दोन क्लिकमध्ये न जुळलेली बिलं लाल करून दाखवते. पण काकांचा पडद्यावर विश्वास नाही. ते प्रिंट मागतात. डाव्या हाताला व्यापाऱ्याचं खरेदीचं रजिस्टर, उजव्या हाताला टू-बी, मधे शाळेतली लाकडी फूटपट्टी. पट्टी एकेक ओळ खाली सरकते. बिल जुळलं की हिरव्या पेनाची टिक आणि तोंडातून ‘हं’. नाही जुळलं की पट्टी थांबते. काका ओठ मुडपतात, पट्टी उचलून तिच्या मागं काही लपलंय का बघतात आणि मग ते वाक्य येतं: "टू-बीत दिसत नाही."

हे वाक्य आता ऑफिसापुरतं राहिलेलं नाही. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही तर, "चिरंजीव टू-बीत दिसत नाहीत अजून." डब्यात लोणचं नसलं तरी तेच. काकूंनी एकदा उलट फिरवलं. "दोन किलो तांदूळ आणला म्हणता, माझ्या डब्यात दिसत नाही. रिव्हर्स करा." काका मुकाट पिशवी घेऊन खाली उतरले.

न दिसण्यामागं कधी मोठं कपट नसतं, ही काकांची ठाम समजूत. पंधरा अक्षरांच्या जीएसटी नंबरात कुणीतरी आठाचा बी केलेला असतो. कुणी बिल व्यापाऱ्याच्या नावावर टाकायच्या ऐवजी किरकोळ गिऱ्हाइकांच्या ढिगात, म्हणजे बी-टू-सीत, लोटून दिलेलं असतं. कुणाच्या मुनिमाचं लग्न असतं. नंबर हातात आला की काका माणूस सांगतात. "सत्तावीस, म्हणजे आपल्या राज्यातला. पॅनचं चौथं अक्षर पी, म्हणजे एकटा. एकटा आहे म्हणजे स्वतःच रिटर्न भरतोय, म्हणजे रात्री अकरानंतर भरतोय, म्हणजे चूक होणारच." अक्षर एफ असलं की म्हणतात, "भागीदारी. दोघांनाही वाटत असणार दुसऱ्यानं भरलं."

मग फोन. परराज्यातल्या सप्लायरशी काका हिंदीत बोलतात. ती हिंदी कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली आहे. "शेटजी, आपका तब्येत पानी कैसा है? हां. वो हमारे पार्टी का सत्ताईस तारीख का बिल आप बी-टू-सी में डाल्या क्या? नहीं नहीं, गुस्सा नहीं होने का. लेकिन मेरे पार्टी को उसका टॅक्स दुबारा भरना पडता है ना. आपको पुण्य लगेगा, अमेंड कर दो." पुण्याचा मुद्दा कोणत्याही कलमात नाही. तरी काकांच्या अनुभवानं तो बहुतेक कलमांपेक्षा लवकर लागू पडतो.

व्यापाऱ्यांच्या तक्रारीला मात्र काकांकडे सहानुभूती आहे. माल घेतला, बिल घेतलं, पैसे दिले, आणि समोरच्यानं रिटर्न भरलं नाही म्हणून खरेदीवर दिलेल्या कराचं माझं क्रेडिट का जावं? हे गाऱ्हाणं जीएसटीच्या आधीचं आहे. व्हॅटच्या काळात विक्रीकर खात्यानं माल न देता नुसती बिलं देणाऱ्या हवाला डीलरांची यादी काढली, तेव्हा त्या यादीतल्यांकडून माल घेतलेली कितीतरी मंडळी जिन्यावर रांग लावून उभी होती. २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी तिजोरीत कर पोचला असेल तेवढाच सेट-ऑफ, म्हणजे तेव्हाचं क्रेडिट. तो निकाल काकांना पाठ आहे, पण ते तो वसुलीला आलेल्या वाण्याच्या आवाजात म्हणतात. जीएसटीत सुरुवातीला जरा सैल होतं. मग जुळलेल्या क्रेडिटवर वीस टक्के जास्तीचं चालेल असं ठरलं, मग दहा, मग पाच आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. टू-बीत दिसेल तेवढंच तुमचं. ऑक्टोबर २०२४ पासून तर पोर्टलवर आलेलं प्रत्येक बिल स्वीकारा, नाकारा किंवा लटकत ठेवा, अशी सोय झाली आहे. काका म्हणाले, "लटकत ठेवायचं बटण आपल्या पेठेत आधीपासून होतं."

नोटीस घेऊन माणूस आला की काका आधी ती हातात घेत नाहीत. "बसा. पाणी घ्या." माणूस पाणी पितो, शिंकतो, पुन्हा पितो. मग काका कागद घेतात, पण वरून वाचायला सुरुवात करत नाहीत. रक्कमही बघत नाहीत. डोळे थेट कलम शोधतात. ७३ असलं की चेहरा सैल होतो. "त्र्याहत्तर आहे. जेवलात का?" ७४ असलं की चष्मा काढून पुसतात, कारण त्यात लबाडीचा आरोप असतो आणि जेवणाचं विचारण्यात अर्थ नसतो. आता २०२४-२५ सालापासून दोन्ही प्रकार ७४-अ या एकाच कलमात घातलेत. तेव्हापासून काकांना पूर्ण नोटीस वाचावी लागते. या एका गोष्टीसाठी त्यांनी अर्थमंत्रालयाला क्षमा केलेली नाही.

नोटिशींची नावंही त्यांच्या तोंडी घरच्यासारखी. "एएसएमटी-टेन आलंय? काही नाही, साहेब नुसतं विचारतायत. तीस दिवस आहेत." "डीआरसी झिरो वन बी? ते माणसानं नाही, मशीननं काढलंय. त्याला सात दिवसांत उत्तर द्यायचं, नाहीतर पुढचा आर-वनच भरू देत नाही." मशीनची नोटीस त्यांना आवडत नाही. तिला तब्येत पानी विचारता येत नाही.

आणि पुष्कळदा नोटीस आलेलीच माणसाला माहीत नसते. ती पोर्टलच्या एका आडबाजूच्या कप्प्यात महिनोन्‌महिने पडून असते. म्हणून काकांचा सकाळचा नेम: पूजा, चहा, आणि एकेका गिऱ्हाइकाचं लॉगिन. पासवर्डांसाठी लाल कापडी बांधणीची चोपडी आहे, लक्ष्मीपूजनाला तिच्यावरही हळदकुंकू पडतं. वास्तविक चोपडीची गरज नाही. निम्म्या पेठेचा पासवर्ड एकच आहे आणि तो सांगलीतल्या कुठल्याही पोराला तिसऱ्या खेपेला सापडेल.

ओटीपीबद्दल मात्र काकांशी बोलू नये. रिटर्न तयार आहे, चलन भरलंय, वीस तारखेचे रात्रीचे पावणेबारा झालेत, पोर्टलवरचं चाक गरगर फिरतंय आणि सहा आकडे पेठेबाहेर कुणाच्या तरी खिशात वाजतायत. आषाढात एक किराणावाले वारीला गेले. फोन घरी ठेवून गेले, विठ्ठलाच्या वाटेवर कशाला फोन म्हणून. फोन नातवाकडे, नातवाचा गेम चाललेला. काकांनी घरी लँडलाइनवर फोन लावला. "बाळा, मेसेज आलाय का?" "आला, पण मी लाइफ हरलो तुमच्यामुळं." आकडे मिळाले तोवर त्यांची मुदत संपली होती. दुसरा ओटीपी, पुन्हा नातू. रिटर्न बाराच्या आत गेलं आणि नातवाला काकांकडून एक चॉकलेट लागू झालं. दर विसाला ते पोरगं जिना चढून येतं आणि विचारतं, "आज आजोबांचा मेसेज येणार आहे का?"

काका रागावत नाहीत असं नाही. बोलेरोचं क्रेडिट मागणाऱ्यावर रागावतात. "सतरा-पाच!" एवढंच ओरडतात; क्रेडिट नाकारणारं कलम ते. मुलीच्या लग्नातल्या केटररचं बिल धंद्याच्या खर्चात घालून आणणाऱ्यालाही तेच. "जिलब्या कुणी खाल्ल्या? व्याह्यांनी. मग क्रेडिट व्याह्यांकडं माग."

पण काका खरे दिसले ते २०२३ साली. २०१७-१८ या पहिल्या वर्षाचे आदेश ७३ खाली काढायची मुदत त्या डिसेंबरअखेर संपत होती, त्यामुळे वर्षभर नोटिशी येत राहिल्या. तुमचं थ्री-बी एवढं म्हणतं, टू-बीच्या आधीची टू-ए तेवढं दाखवते, मधला फरक व्याजासकट भरा. आता सांगलीकराकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५. पेठेत दुकानं बुडाली, माझ्या कागदाची रिमं फुगून दारातून बाहेर काढता येईनात. त्यामुळे "बिलं पुरात गेली" हे पुष्कळांच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. ज्यांच्या पायरीला पाणी शिवलं नव्हतं त्यांनीही ते खरं करून घेतलं. एकानं २०२० सालची बिलंही २०१९ च्या पुरात वाहून गेल्याचं सांगितलं. काका त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. "पाणी ओसरलं होतं हो तोवर," एवढंच म्हणाले.

सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं, १८३ नंबरचं. पहिल्या दोन वर्षांत सप्लायरनं बिल दाखवलं नसेल आणि एका सप्लायरकडचा फरक पाच लाखांपर्यंत असेल, तर त्या सप्लायरनं स्वतः लिहून द्यायचं की माल मी विकला आणि कर भरला. त्याच्यावर असेल तर सीएचं प्रमाणपत्र. काकांना हे परिपत्रक इतकं आवडलं की त्याची झेरॉक्स त्यांनी काचेखाली घातली. माणसाकडं जाऊन माणसाची सही आणायची, हे त्यांना कळणारं काम होतं.

आमच्या शेजारचे हार्डवेअरवाले त्या नोटिशींत अडकले होते. कराची रक्कम अडतीस हजारांच्या घरात. माल कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराचा, त्यानं ती सगळी बिलं बी-टू-सीत टाकलेली. सही मागायला काका स्वतः स्कूटरवरून गेले. कारखानदार म्हणाला, "सही करतो की. आधी माझे राहिलेले बारा हजार आणून द्या." हार्डवेअरवाले म्हणाले, "बारा हजार कसले? कड्या गंजक्या निघाल्या. उलट त्यानंच द्यायला पाहिजेत." पाच वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मुळात एका साखरपुड्याचं निमंत्रण न देण्यावरून सुरू झालेलं ते प्रकरण होतं, कड्या नंतर गंजल्या.

काकांनी कायदा बाजूला ठेवला. फेऱ्या सुरू केल्या. कुपवाडला गेले की हार्डवेअरवाल्यांचं हार्ट कसं नाजूक आहे ते सांगायचे, पेठेत आले की कारखानदाराच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगायचे. दोन्ही खरं होतं, फक्त कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एका रविवारी दोघांना आपल्या ऑफिसात एकाच वेळी बोलावलं आणि दोघांनाही दुसरा येणार असल्याचं सांगितलं नाही. मला वर बोलावलं साक्षीला. टेबलावर कांदा-शेंगदाणे घातलेल्या भडंगाची परात. पहिली पंधरा मिनिटं दोघं फक्त भडंग खात होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. काका फूटपट्टी घेऊन जुनं खातं वाचायला लागले, एकेक बिल, एकेक तारीख. कड्यांच्या बिलाशी पट्टी थांबली. "यातल्या किती गंजल्या?" "दोन डझन." कारखानदार उसळला, "दोन डझनासाठी पाच वर्षं?" हार्डवेअरवाले म्हणाले, "साखरपुड्याला बोलावलं नाहीस." खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग कारखानदार म्हणाला, "पत्रिका आईनं वाटल्या रे. मला वाटलं तुला दिलीय."

आठ हजारावर तुटलं. सही झाली. काकांनी शाई वाळेपर्यंत कागद कुणाला हात लावू दिला नाही.

हिअरिंगच्या दिवशी काका पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. फाईल गरजेपेक्षा दुप्पट जाड नेतात. साहेबांसमोर बसताना खुर्चीच्या निम्म्या भागावर बसतात आणि गिऱ्हाइकाला आधीच बजावतात, "तोंड उघडायचं नाही. विचारलं तरी माझ्याकडं बघायचं." त्यांच्या खुलाशाची भाषा ठरलेली: ‘सदर तफावत ही केवळ कारकुनी स्वरूपाची असून शासनाच्या महसुलाचे कोणतेही नुकसान झालेले नाही.’ हार्डवेअरवाल्यांच्या वेळी साहेबांनी प्रमाणपत्र वाचलं, आकडे बघितले आणि विचारलं, "हा सप्लायर इतक्या वर्षांनी सही द्यायला तयार कसा झाला?" हार्डवेअरवाल्यांनी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "साहेब, त्यांचे घरोब्याचे संबंध आहेत." काही दिवसांनी प्रकरण बंद झाल्याचा एएसएमटी-ट्वेल्व्ह आला. हार्डवेअरवाल्यांनी पेढे वाटले. फी दिली नाही.

काकांची फी हा पेठेतला नाजूक विषय. ते बिल देतात, पण ते देताना असं काही संकोचतात की घेणाऱ्याला वाटावं तगादा आपण लावलाय. त्यांची स्वतःची उलाढाल सेवांच्या वीस लाखांच्या मर्यादेत असल्यानं त्यांना जीएसटी नंबर लागत नाही, म्हणजे सगळ्या पेठेची रिटर्नं भरणाऱ्याला स्वतःचं रिटर्न नाही. सप्लायरला एकशे ऐंशी दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, हा नियम ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तळमळीनं समजावतात. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि कागदवाल्याचे, लोखंडवाल्याचे, ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे त्या मुदतीत देऊन टाकतं. काकांच्या बिलावर जीएसटीच नाही, त्यामुळे उलटवण्यासारखं काही नाही, त्यामुळे मुदतही नाही.

परवा माझं कागदाचं एक बिल टू-बीत आलं नव्हतं. कर दोन हजारांच्या आतला. मी म्हटलं, "जाऊ दे काका, एवढ्याशासाठी कशाला?" त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कागदवाल्याला फोन लावला. तब्येत झाली, पाऊस झाला, त्याच्या मुलाची बारावी झाली. मग कळलं की त्यानं आर-वन उशिरा भरलाय. "या महिन्यात घेऊ नका, पुढच्या टू-बीत येईल तेव्हा घ्या. पुढच्या वर्षीच्या तीस नोव्हेंबरपर्यंत आपल्याला कोण हटकत नाही," काका मला म्हणाले आणि रजिस्टरवर लाल पेनानं छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

मी खिशात हात घातला. "किती देऊ?"

"याचे राहू देत हो," काका पट्टी पुढच्या ओळीवर सरकवत म्हणाले. "ते २०१८ चे द्या आधी."